हत्ती अल्याड आला

जयसिंगनं वावर विकलं, त्याला सगुणाबाईची ना नव्हती. वाटणीला आलेलं वावर ज्याचं त्यानं विकावं, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचावं. पण वावराबरोबर त्यानं हत्तीही विकला, आणि तोही चकार शब्द न काढता विकला, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

हत्ती लोखंडाचा होता. साठ वर्षांमागं कासार आंबोलीच्या वरच्या डोंगरात लाकडाची तोड चालायची. ओंडके खाली ओढायला कंत्राटदारानं मुंबईच्या गोदीतून हे जुनं विलायती यंत्र आणलं होतं. एका सिलिंडरचं डिझेलचं इंजन, त्याला छातीएवढं चाक, पुढं तारेचा दोर गुंडाळायचा ढोल, आणि हा सगळा डोलारा ऐनाच्या लाकडाच्या दोन जाडजूड सोटांवर बसवलेला. कामगारांनीच त्याचं नाव हत्ती पाडलं. सगुणाबाईचा नवरा नथू अठराव्या वर्षी त्याच्यावर लागला आणि सतरा वर्षं त्यानं हत्ती हाकला. तोड बंद झाली तेव्हा कंत्राटदार गाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "नथू, हे तुझं. सांभाळ." कागद ना पत्र.

हत्ती तेव्हा डोंगराच्या पायथ्याला, नथूच्या घरच्याच वावरात उभा होता. तो तिथंच राहिला, कारण तेव्हा घरही एक होतं आणि वावरही एक. पुढं चुलत्यांत वाटण्या झाल्या. वरचं वावर नथूचा चुलतभाऊ जयसिंग याच्याकडं गेलं, खालची भाताची खाचरं नथूकडं आली आणि मधे बांध पडला. हत्ती बांधाच्या पल्याड, शंभरेक पावलांवर. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दर दसऱ्याला सगुणाबाई पल्याड जायची, हत्तीला शेंदूर लावायची, नारळ फोडायची आणि माघारी यायची. चाळीस वर्षांत शेंदराची पुटं एवढी चढली होती की हत्ती पार गोळमटोळ दिसायला लागला होता.

आता पल्याड रिसॉर्ट व्हायचं होतं. पौषातल्या एका सकाळी सगुणाबाई खाचरात शेणखत पसरत असताना तिला हत्तीपाशी माणसं दिसली. कंपनीचा मॅनेजर मनीष, पस्तिशीचा, राहायला बावधनला, बोलायला मधाळ, हातात फीत धरून हत्तीची लांबीरुंदी घेत होता. शेजारी जयसिंग हात मागं बांधून उभा होता. सगुणाबाई पाटी टाकून तशीच शेणाच्या हातानं बांध ओलांडून गेली.

"काय मापताय वो सायेब?"

"नमस्कार काकू. ह्याला आपण गेटवर ठेवणार. खाली काँक्रीटचा चौथरा, मस्त गोल्डन पेंट, वरून लाइट. लोक सेल्फी काढतील. जुन्या वस्तूंना आजकाल फार क्रेझ आहे."

"आन इंजन?"

"इंजिन कशाला? आतलं सगळं काढून टाकू आणि माती भरू. वर फुलझाडं लावायची."

हत्तीच्या पोटात माती! सगुणाबाईला कुणीतरी आपल्याच पोटात ढेकळं कोंबतंय असं झालं.

"ह्यो आमचा हाय," ती म्हणाली.

मनीषनं जयसिंगकडं बघितलं. जयसिंगनं आधी खाकरून घेतलं. "वैनी, खरेदीखतात लिवलंय. जमीन आन जमिनीला खिळल्यालं समदं. झाडं, इहीर, समदं. चाळीस वर्सं हितंच खिळून बसलाय त्यो, आता काय उडून जानार हाय व्हय?"

"खिळला न्हाई भावजी, ठिवलाय. खिळल्यालं आन ठिवल्यालं ह्यातला फरक कळंना व्हय तुमाला? मग तुमच्या बापाला म्हातारपनी ओसरीवर खिळला व्हता म्हनायचं का ठिवला व्हता?"

दोन मजूर हसले. जयसिंगचं तोंड एवढंसं झालं. मनीष मात्र हसतच होता.

"काकू, चिडू नका. तुमचा असेल तर खुशाल न्या. आज रविवार, पुढच्या सोमवारी काँक्रीटची गाडी येतेय. तोवर नेता आला तर न्या. फक्त क्रेन, ट्रॅक्टर, जेसीबी आत येणार नाही. बाहेरचं वाहन अलाउड नाही, इन्शुरन्सचा प्रश्न येतो."

ह्याचा अर्थ गोड बोलून नाही म्हणणं, हे सगुणाबाईला कळत होतं. ती अडाणी होती, खुळी नव्हती.

"भायेरचं वाहन न आनता न्येला तर?"

"तर तुमचा! शब्द आपला."

"ऐकलं न्हवं भावजी?" असं म्हणून ती फिरली. वाटेत पाटी उचलली आणि तडक घर गाठलं.

नथू ओसरीवर उन्हाला बसला होता. पंच्याहत्तरी गाठलेला, कानानं जरा जड. त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच राहिली होती. मधली तीन बोटं तोडीच्या शेवटच्या साली हत्तीच्या दोरात गेली. त्या दिवसापासून नथू हत्तीजवळ गेला नव्हता. हत्तीचं नाव निघालं की तो हात बंडीच्या खिशात घालायचा. दसऱ्याला तेवढं विचारायचा, "तेल दिलं का त्येला?" ती म्हणायची, "दिलं." बस्स, एवढंच.

तिनं सगळं सांगितलं. नथूनं ऐकून घेतलं आणि कधी नव्हे तो हसला.

"क्रेन कशाला लागती त्येला? आमी डोंगरात काय कडंवर घिऊन गेल्तो?"

"मग?"

"म्होरल्या झाडाला दोर बांधायचा, दुसरं टोक ढोलावर, आन ढोल फिरवायचा. झाड हालत न्हाई, मग ह्योच हालतो. सोटांवर सरपटत जातो आपला आपन. अशी चार चार ठिकानं आमी एका सालात बदलायचो." त्यानं खिशातला हात बाहेर काढला. "इंजन तेवढं चालू झालं पायजे."

मुलगा शेखर मारुंजीत दुचाक्यांच्या गॅरेजमध्ये मिस्तरी होता. आईच्या फोनवर तो रजा टाकून आला, पण कुरकुरतच. "आये, भंगार हाय त्ये. जगात लोकं कुटं चालल्यात आन तुमचं काय चाललंय."

"तू ये. वाद घालायचा तर त्यो बी येऊन घाल."

सोमवारी सकाळी मायलेक निघाली. बांध उघडाच होता, चार पावलांत पल्याड. पण पहारेकरी धावत आला. "मौसी, इधर से नहीं. गेट से आओ, एंट्री करनी पड़ती है." फाटक तिकडं रस्त्याच्या अंगाला, अर्धा मैल वळसा. ज्या वावरात सगुणाबाईनं पंचवीस वर्षं भात लावलं, कापलं, झोडलं, त्या वावरात जायला तिला वहीत नाव लिहावं लागलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून अंगठा. वर गळ्यात एक निळा पट्टा अडकवला, त्याला प्लास्टिकचं कार्ड.

"काय लिवलंय ह्येच्यावर?" तिनं शेखरला विचारलं.

"व्हिजिटर. म्हंजे पाहुनी."

सगुणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पट्टा तेवढा पदराआड सारला.

पहिले दोन दिवस शेंदूर खरवडण्यात गेले. खुरपं, छिन्नी, जुन्या कोयत्याचं पातं. शेंदूर कसला, दगड झाला होता! एक पापुद्रा निघाला की खाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. सगुणाबाईला सालं ओळखू येत होती. हा काळपट थर सासू गेली त्या वर्षीचा, तेव्हा शेंदरात काजळ मिसळलं होतं. हा फिका, शेखर पोटात असतानाचा. तिचे हात कोपरापर्यंत केशरी झाले, नाकातून शेंदूर निघायला लागला. दुपारी मजूर जेवून आले की मोबाइल काढून तिचा फोटो घ्यायचे. एकानं विचारलं, "आजी, हत्तीला अंघोळ का?"

"व्हय. तुजी झाली का?" ती म्हणाली. त्यानं मोबाइल खिशात घातला.

शेवटचा थर निघाला आणि शेखर खाली उकिडवा बसला तो बसलाच. आत लोखंड काळं, तुळतुळीत, कुठं गंजाचा ठिपका नाही. कडेला पितळी पाटी, इंग्रजी अक्षरं झळझळीत. त्यानं चाकावरनं हात फिरवला, बोल्ट वाजवून बघितले, दात्यांमधनं बोट घातलं. "आये, असलं ओतकाम आता कुनी करत न्हाई," तो म्हणाला. "ह्यो एक बोल्ट बघ. हातानं आटे पाडल्यात." मग त्याची कुरकुर बंद झाली ती कायमची. नथू बांधाच्या अलीकडंच जांभळाखाली बसून होता. शेखर तिथनं ओरडून सांगत होता, नथू कानाला हात लावून ऐकत होता.

सोटांभोवतीची माती उकरायला बुधवार गेला. चाळीस पावसाळ्यांनी गाळ भरला होता, पण खाली नथूनं त्या वेळी दगडी फरशा घातलेल्या, वर डांबर चोपडलेलं. उजवा सोट खणखणीत निघाला. डावा तोंडाशी कुजला होता, तेवढं तोंड कापून शेखरनं लोखंडी पत्रा ठोकला. हत्ती खिळलेला नव्हता. ठेवलेलाच होता. सगुणाबाईनं जयसिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हे म्हटलं. जयसिंग फाटकापाशी खुर्ची टाकून बसला होता, त्यानं मान वळवली.

गुरुवारी घोडं पेंड खाऊ लागलं. इंजनाचं चाक जागचं हलेना. शेखरनं सिलिंडरचं डोकं उघडलं, आत रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं, लाकडाचा ठोकळा ठेवून घण घातले. पिस्टन म्हणून इंचभर सरकेल तर शपथ. आत काहीतरी तपकिरी, चिकट, काचेसारखं कडक बसलं होतं. शेखरनं ते नखानं उकरून हुंगलं.

"आबा," तो ओरडला, "ह्ये ग्रीस न्हाई. ऑइल बी न्हाई. वशाट तेलकट वास येतोय, खवट."

नथू उठला. त्यानं बांधावर पाय ठेवला, पल्याड उतरला आणि चाळीस वर्षांनी हत्तीपाशी गेला. पहारेकरी काही म्हणायला पुढं आला, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिथंच थांबला. नथूनं हत्तीच्या डोक्यावरच्या पितळी वाटीत करंगळी घातली, जिथनं सिलिंडरला तेल जातं. करंगळी चाटली.

"सगुने, दसऱ्याला तेल कुठलं घालायचीस?"

"घरातलं."

"घरातलं म्हंजे?"

"शेंगदान्याचं. घान्याचं." तिचा आवाज खाली गेला. "चांगलं वाटीभर. तुमीच म्हनला व्हता, दर साली तेल देत जा."

"अगं, इंजनाचं! इंजनाचं तेल!" नथूचा आवाज चिरकला. "फोडनी घातलीस व्हय इंजनाला? चाळीस वर्सं? मोहरी, जिरं बी टाकायचंस की वर!"

शेखर हसणार होता, पण आईकडं बघून त्यानं हसू गिळलं. नथू पाठ फिरवून चालता झाला. घरी गेला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. भाकरी पुढं ठेवली तर हात लावला नाही.

आता तिनं काय सांगायचं? पाव्हणे आले तर कालवणात थेंबानं तेल घालायचे दिवस होते ते. दुष्काळाच्या साली लेकराला कोरडी चटणी-भाकर दिली, पण दसऱ्याची वाटी भरून पल्याड नेली. नवऱ्याची बोटं खाल्लेलं ते यंत्र, त्याला ती शिव्या द्यायची, हात जोडायची आणि घरातलं सगळ्यात चांगलं ते घालायची. आणि तेवढंच त्याला बाधलं. चुलीपुढं बसून सगुणाबाई रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग नाक पुसलं आणि भांडी घासायला घेतली, कारण भांडी काही कुणाच्या रडण्यासाठी थांबत नाहीत.

हातात कढई आली. कढईच्या काठाला जळक्या तेलाची खपली धरली होती, तपकिरी, काचेसारखी कडक. सगुणाबाई तिच्याकडं बघत राहिली. हीच ती! ही रॉकेलनं जाते होय? ह्या खपलीला एकच औषध, उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा. पोरीच्या जातीला हे आठव्या वर्षी कळतं. बाप्यांना पंच्याहत्तरीतही कळत नाही.

शुक्रवारी दिवस उगवायला तिनं परसात मोठा हंडा चुलीवर चढवला. पल्याड जाळ करायला बंदी होती, म्हणून उकळतं पाणी इथनंच न्यायचं. चुंबळीवर हंडा, त्यात मूठ मूठ सोडा, वाफ तोंडावर येतेय, आणि ती सरळ बांधावर चढली.

"मौसी, गेट से! एंट्री!"

"पानी गार व्हतंय रं बाबा. मग करते तुजी एंट्री. ह्यो बघ पट्टा!" तिनं गळ्यातलं कार्ड त्याला दाखवलं आणि पुढं गेली.

दिवसभरात तिनं अकरा हंडे वाहिले. मान अवघडली, उजव्या दंडावर पाणी हिंदकळून बांगडीएवढा फोड उठला. शेखर आत ओतायचा, काढायचा, पुन्हा ओतायचा. पाणी आधी पिवळं आलं, मग चहाच्या रंगाचं, मग गूळ विरघळल्यासारखं काळं. चार वाजता शेखरनं ठोकळ्यावर घण घातला आणि पिस्टननं दोन बोटं खाली बसत 'चुक्' असा आवाज केला. शेखरनं आईला मिठीच मारली, शेंदरासकट, काळ्या पाण्यासकट.

सांजच्याला नथू उठून बसला. फोड आलेला तिचा दंड त्यानं आपल्या दोन बोटांत धरला, बघितला आणि त्यावर कोरफडीचा गर लावला.

"चांगलं तेल व्हतं का निदान?" त्यानं विचारलं.

"घान्याचं म्हनलं न्हवं."

"मग बरोबर हाय. लई चाटून खाल्लंय त्येनं." एवढं बोलून नथू माळ्याकडं बोट दाखवायला लागला. "शेकर, वर गोनपाटात बघ."

गोणपाटात दोर होता. तारेचा अख्खा दोर, वेटोळं घातलेला, ग्रीसमध्ये न्हालेला. सगुणाबाईला वाटायचं तिथं जुने पत्रे आहेत. दर साली उन्हाळ्यात म्हातारा पौडावरनं डबा आणतो आणि माळ्यावर खुडबुडतो ते ह्याच्यासाठी होय!

"ह्योच का त्यो?" तिनं विचारलं.

"ह्योच."

"बोटं खाल्ल्याला?"

"त्येची काय चूक? माजं ध्यान नव्हतं." नथूनं दोरावरनं अंगठा फिरवला. "दोर चांगला हाय."

शनिवारी इंजन जोडलं. नवी नळी, नवे वायसर, कळशीभर डिझेल. हँडल मारून मारून शेखरच्या तळहाताची सालटं गेली, इंजन नुसतं खोकलं. एकदा हँडल उलटं आलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. जयसिंग खुर्ची घेऊन जवळ येऊन बसला होता. "वैनी, पुरं करा. लोकं हसाय लागली. उद्याचा एक दीस राह्यला."

"एक दीस हाय न्हवं? मग हसा उद्यापतूर. मोफत हाय."

रविवार उजाडला. दहिवर पडलं होतं, खुंटांवर ते चमकत होतं. दोराचं एक टोक अलीकडच्या ऐनाला बांधलं, नथूच्या वावरातला तो जुना ऐन, त्याच्या सालीला दोर काचू नये म्हणून खाली पोती गुंडाळली. दुसरं टोक ढोलावर. शेखर हातात पहार घेऊन सोटांपुढं उभा राहिला, वाटेत दगड आला तर हटवायला. नथू समोर. ढोल जोडायचा-सोडायचा दांडा कोण धरणार हा प्रश्न होता. दांडा ओढायला दोन्ही मुठी लागतात, आणि नथूजवळ दीडच होती.

"तू धर," तो सगुणाबाईला म्हणाला.

"म्या? म्या त्येला मारलाय."

"म्हनून तर. तुलाच म्हाईत हाय त्येच्या पोटात काय गेलंय. माज्या हाताकडं बघायचं. अंगठा वर म्हंजे आवळ. करंगळी खाली म्हंजे ढील. दुसरीकडं कुटं बघायचं न्हाई. म्या दुसरीकडं बघितलं व्हतं."

आधी हँडल. एका बाजूनं शेखर, एका बाजूनं ती, पदर खोचून. एक, दोन, तीन फेरे, चाकानं वेग घेतला, नथूनं खटका पाडला. भक् झालं. थांबलं असं वाटलं. पुन्हा भक्. आणि मग भक्, भक्, भक्, भक्, डोंगरानं ते झेललं आणि माघारी दिलं. धुरांड्यातनं आधी काळा, मग निळसर धूर निघाला आणि साऱ्या माळावर वास सुटला. भज्यांचा! गरम कढईतनं भजी काढावीत तसा खमंग वास. चाळीस दसऱ्यांचं उरलंसुरलं तेल जळत होतं. मजूर काम टाकून नाक वर करून उभे राहिले. पहारेकरी म्हणाला, "मौसी, क्या पका रही हो?" सगुणाबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं आणि नथू, तो बहिरा म्हातारा, चाकावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा होता.

मनीषला कुणीतरी फोन केला असावा. त्याची पांढरी गाडी धुरळा उडवत आली आणि हत्तीच्या नि बांधाच्या बरोबर मधे उभी राहिली. खाली जमिनीवर सैल पडलेला दोर दोन्ही चाकांच्या मधून गेला होता. मनीष उतरला, दार लावलं.

"काकू, एक मिनिट. हे बंद करा आधी. मशिनरी चालवायची परमिशन नाही इथं."

"भायेरचं वाहन नगं म्हनला व्हता," हत्तीवर चढून दांड्यापाशी उभी राहिलेली सगुणाबाई ओरडली. "ह्यो भायेरचा न्हाई. तुमच्या खरेदीखतात हितलाच म्हनून लिवलाय!"

"तसं नसतं हो काकू. गाडी इथंच राहील. तुम्ही खाली या, बोलू आपण."

नथू त्याच्याजवळ गेला. "सायेब, गाडी काडा. दोर ताठ झाला का वर येतो. तुमची गाडी दोरावर हाय."

"काका, मी काढणार नाही."

नथूनं खांदे उडवले. चार पावलं बाजूला झाला, सगुणाबाईकडं वळला आणि अंगठा वर केला.

तिनं दोन्ही मुठींनी दांडा ओढला. ढोलानं फेरा घेतला. दहिवरातनं दोर सापासारखा सळसळला, सरळ झाला, मातीतनं उठला. तिचे डोळे नवऱ्याच्या अंगठ्यावर होते. गाडीकडं बघायचं नाही. दुसरीकडं कुठं बघायचं नाही. दोर गाडीच्या पोटाला टेकला आणि टर्र असा आवाज झाला, जसं कुणी पत्र्याची ताटली खरवडावी.

"अहो, अहो! थांबवा!"

करंगळी खाली आली. तिनं ढील दिली. मनीष गाडीत बसला तो दार उघडंच ठेवून, आणि गाडी मागं, मागं, पार फाटकापर्यंत गेली. मजुरांतून शीळ आली. नथूचा अंगठा पुन्हा वर.

ऐन करकरला, पण हलला नाही. दोर एकच सूर धरून गायला लागला. सगुणाबाईच्या दंडावरचा फोड फुटला, पाणी कोपराकडं ओघळलं. मग तिच्या पायाखाली काहीतरी सुटलं. सोट फरशांवरनं चरचरले, आणि चाळीस वर्षं जागचा न हललेला हत्ती वीतभर पुढं आला. मग हातभर. मग तो चालायलाच लागला, सावकाश, भक् भक् करत, मातीवर दोन रुंद घळी पाडत.

बांधापाशी अडला. पुढचं अंग बांधावर चढलं, मागचं खाली अडकलं, चाक सुसाट, हत्ती जागचा हलेना. जयसिंगच्या जिभेला खाज सुटली. "हत्ती गेला आन शेपूट राह्यलं, वैनी!"

"भावजी, शेपटाला हात लावा मग. न्हाईतर तोंड मिटा!"

काय झालं कोण जाणे. म्हणजे जयसिंगलाही नंतर सांगता आलं नाही. लहानपणी तोही ह्याच हत्तीवर बसून डोंगरात गेला असेल, किंवा नुसत्या त्या आवाजानं असेल. त्यानं धोतराचा कासोटा आवळला, शेखरच्या शेजारी दुसरी पहार सोटाखाली घातली आणि खांदा लावला. नथूचा अंगठा ताठ वर गेला. सगुणाबाईनं दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकला. बांध फुटला, ढेकळं दोन्हीकडं उडाली आणि हत्ती धाडकन अलीकडं खाचरात उतरला. करंगळी खाली आली तरी ती ओढतच राहिली. सोटांची मागची टोकं अलीकडं आल्याशिवाय तिला कुणाची करंगळी दिसायची नव्हती.

मग ढील दिली. खटका वर. शेवटचं भक् झालं आणि एकाएकी इतकं शांत झालं की ऐनातली पाखरं ऐकू यायला लागली.

मनीष चालत आला. बांधाच्या मोडलेल्या जागी थांबला, मग अलीकडं उतरला. चिडलेला होता, पण मोबाइल हातात होता आणि डोळे हत्तीवरून हलत नव्हते.

"काकू, शब्द दिला होता, ठीक आहे. एक फोटो तरी घेऊ का?"

सगुणाबाईनं गळ्यातला निळा पट्टा काढला. शेंदूर, काळं तेल, घाम, सगळं त्याला लागलं होतं. तिनं तो मनीषच्या गळ्यात घातला आणि कार्ड त्याच्या शर्टावर नीट सरळ केलं.

"आता घ्या. आन येताना रस्त्याकडनं येत जावा. बांधावरनं आमच्यात कुनी येत न्हाई."

शेखर हसून हसून खाली बसला. मनीषनं फोटो काढला नाही. कार्डाकडं बघितलं, पट्टा काढून हातात घेतला आणि फुटक्या बांधावरून न जाता रस्त्याच्या वाटेनं चालू लागला.

जयसिंग कमरेवर हात ठेवून खाचर न्याहाळत होता. घळी पडल्या होत्या, बांध उसवला होता, चांगल्या भाताच्या जागेत मधोमध साडेतीन टनांचं धूड उभं होतं. त्याच्यातला शेतकरी काही गप बसेना.

"ते समदं खरं वैनी, पर आवंदा भात कुटं लावनार?"

सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं, हत्तीच्या गरम अंगावर हात टेकला आणि म्हणाली, "त्येच्या भवतीनं."